स्वस्त सहलीचा महाग रविवार

युरोपात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींमध्ये उन्हाळा जवळ आला की एक बेत हमखास शिजतो: शनिवार-रविवार इटलीचा किनारा, चिंक्वे तेर्रे, तोही कमीत कमी पैशांत. असा बेत जमतो, आमचाही जमला होता. पण त्या सहलीनंतर एक गोष्ट मी ज्याला त्याला बजावून सांगते. स्वस्त सहलीचा हिशेब परतीच्या वाटेपासून मांडायला घ्या.

आधी चिंक्वे तेर्रे ही जागा समजून घ्या. इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच छोटी गावं आहेत. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या अंगावर बिनचुन्याच्या दगडी बांधांवर पिढ्यान् पिढ्या द्राक्षमळे पिकवले गेले. १९९७ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, १९९९ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला. १८७४ मध्ये जिनोव्हा ते ला स्पेत्सिया रेल्वे पुरी होईपर्यंत इथे होडीनं किंवा खेचरांच्या पायवाटेनंच यावं लागे. आज रस्ता आहे, पण गावात गाडी नेता येत नाही आणि वेशीवरचं पार्किंग तुटपुंजं नि महाग आहे. त्यामुळे सगळ्या प्रवाशांचा भार बोगद्यांतून जाणाऱ्या त्या एका रेल्वेमार्गावर असतो.

आम्ही जर्मनीतल्या वेगवेगळ्या शहरांतून पिसाला स्वस्त विमानांनी उतरलो. मुक्काम ला स्पेत्सियात, कारण गावांतल्या खोल्या आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्या. हा निर्णय मी आजही कुणालाही सुचवीन: तिथून रेल्वेनं रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येतं. ला स्पेत्सिया ते लेवांतो हवं तितकं फिरता येणारं आणि पैसे लागणाऱ्या पायवाटाही खुल्या करणारं कार्ड काढलं. शनिवारी मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा चाललो, बंदरावर बसून हरभऱ्याच्या पिठाची गरम फारिनाता खाल्ली. बेसनाच्या जाड धिरड्यासारखी ती लागते, आणि शाकाहारी मित्राचं पोट त्याच एका पदार्थावर निभावलं.

संध्याकाळी स्टेशनवर सूचना दिसली: शॉपेरो, म्हणजे संप. शनिवारी रात्री नऊपासून रविवारी रात्री नऊपर्यंत. आमची विमानं रविवारी पिसाहून होती. इटलीत रेल्वेचा संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्या सोडाव्या लागतात, असं आम्ही ऐकून होतो. ते खरंही आहे, पण ती हमी कामाच्या दिवसांपुरती. रविवारी ती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी फलाटावर थांबून पाहिलं, बसची चौकशी केली. शेवटी टॅक्सी ठरवली. वाटणीला आलेली रक्कम विमानाच्या जाण्यायेण्याच्या भाड्याहून जास्त होती.

विमानतळावर दुसरं संकट उभं राहिलं. काही स्वस्त विमानकंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टधारकांना सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागदपत्रं दाखवून बोर्डिंग पासवर शिक्का घ्यायला सांगतात. आमच्यातल्या एकाला गेटवरून त्या शिक्क्यासाठी परत पाठवलं गेलं. वेळ हातात असता तर ही दहा मिनिटांची गोष्ट होती. त्याचं विमान सुटलं. तो शिकता शिकता दुकानात काम करून स्वतःचा खर्च भागवत होता. त्याचा त्या महिन्याचा किराणा टॅक्सीत आणि नव्या तिकिटात गेला. ही गोष्ट मला आजही बोचते, आणि म्हणूनच पुढचं सगळं लिहिते आहे.

तिकिटं काढण्याआधी संपाची तारीख पाहा. इटलीत सार्वजनिक वाहतुकीचा संप किमान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो आणि तिथल्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची यादी असते. निघण्याच्या आठवड्यात ती पुन्हा उघडा. संपात रद्द झालेल्या गाडीचं भाडं परत मिळतं, चुकलेल्या विमानाचं मिळत नाही.

शेवटचा दिवस विमानतळाच्या गावी काढा. शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी पिसा गाठलंत तर तिथला कलता मनोरा पाहून होतो आणि जीवही भांड्यात पडतो. कोर्निलिया सोडून बाकी गावांना हंगामात बोटी जातात, पण समुद्र खवळला की त्या बंद होतात. बोटीला परतीचा आधार समजू नका.

पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवा, फोनमधला फोटो पुरत नाही. हॉस्टेलला पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे तिथेही ते मागतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करा. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

पायवाटांना हलक्यात घेऊ नका. चप्पल घालून डोंगरवाटेवर गेल्यास दंड आहे आणि तो योग्यच आहे. कोर्निलियाचं स्टेशन खाली, गाव कड्यावर, मध्ये पावणेचारशेहून अधिक पायऱ्या. रिओमाज्जोरे-मानारोला वाटेवर २०१२ मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि ती वाट २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. शरद ऋतूत खोल्या स्वस्त होतात, पण तेव्हाच इथे धो धो पाऊस कोसळतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेली होती, माणसं दगावली होती. हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तेव्हा वाटा बंद ठेवतात. त्या दिवशी कुंपण ओलांडू नका आणि दगडी बांधांवर कधीच चढू नका. ते ढासळले तर अख्खा उतार सुटतो.

काटकसर करायला जागा भरपूर आहे. नळाचं आणि सार्वजनिक कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. छत्री-खुर्चीचे पैसे घेणाऱ्या किनाऱ्याशेजारी मोफत पट्टा शोधा. टेबलावर बसलं की माणशी वेगळा आकार लागतो, म्हणून फोकाच्चा पाव हातात घेऊन खा. लेवांतोहून बोनास्सोलापर्यंत जुन्या रेल्वे बोगद्यांतून चालण्या-सायकलीची वाट आहे, तिला तिकीट नाही.

आणि निघण्याआधी सगळ्यांनी बसून पैशांवर मोकळेपणानं बोला. प्रत्येकानं अडीअडचणीची ठरावीक रक्कम वेगळी काढावी. वापरली नाही तर परत घ्यावी. ती रक्कम आणि सहलीचा एकूण आकडा गटात ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्याला विचारून ठरवा. त्याला झेपत नसेल तर तारीख पुढे ढकला, एक मुक्काम कमी करा. मित्राला कर्जात लोटणारी सहल, तिकीट कितीही स्वस्त मिळालं, तरी महागच असते.