पेंडंट हाती देण्यापूर्वी

चाकण-भोसरीकडच्या प्रेस शॉपमधल्या नव्या पोरांना ईओटी क्रेन, म्हणजे डोक्यावरच्या रुळांवर धावणारी विजेची क्रेन, शिकवत आलोय. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. पेंडंट, म्हणजे क्रेन चालवायचा लटकता बटणांचा डबा, सगळ्यात शेवटी द्यावं. बटणं तासाभरात येतात, नजर यायला वेळ लागतो. हुकाची लॅच नीट बसते का, वायररोपची तार तुटून वर आलीय का, हे आधी. शिफ्टच्या सुरुवातीला रिकामा हूक हळूहळू वर नेऊन लिमिट स्विच बघायचा. पण रोजच्या कामात हूक त्याच्या भरवशावर थांबवायचा नाही.

२. स्लिंगचा कोन फळ्यावर पटत नाही. २ टनांची डाय, दोन पदरी स्लिंग. पदर उभे असले तर प्रत्येकावर १ टन. त्यांच्यातला कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण २ टन. मी दोन पोरांना दोरीनं पाण्याची भरलेली बादली उचलायला लावतो, मग एकेक पाऊल मागे सरकायला सांगतो. बादली तीच, पाणी तेवढंच, तरी चौथ्या पावलाला दंड थरथरतात. त्यानंतर, कोन वाढतो म्हणून, आखूड स्लिंग कोणी उचलत नाही.

३. तिरकं ओढायचं नाही. लोड झोका घेतो, दोर ड्रमच्या खाचेतून सुटतो.

४. वीतभर उचला आणि थांबा. ब्रेक धरतोय का, लोड कलतोय का, ते तिथेच कळतं.

५. इशारा एकानंच द्यायचा. प्रेसच्या धडधडीत कोणी ‘हाबेस’ (वर घे) ओरडतो, कोणी ‘ऊपर’. म्हणून हाताच्याच खुणा. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणो, थांबायचंच.

६. रुळावर माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येऊ द्यायची नाही, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९नं घालून दिलं. वर फिटर ग्रीस लावत असतो, खाली पेंडंटवाल्याला तो दिसतही नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली फिटरच्याच खिशात.

७. डायवर वजन लिहिलेलं नसेल तर ऑपरेटरनं उचलायला नकार द्यावा. पण डिस्पॅचची घाई असताना नवखा पोरगा सुपरवायझरला नाही कसं म्हणणार? म्हणून शेवटच्या दिवशी मी शॉप मॅनेजरलाच बोलावतो आणि ‘नकार दिलास तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन’ हे त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतो. ते आले नाहीत, तर त्या तुकडीच्या प्रमाणपत्रांवर मी सही करत नाही.