लहरीलाही पन्हा असतो
हौशी रेडिओवर बोलण्याची जागा कशी निवडावी

हौशी रेडिओ म्हणजेच हॅम रेडिओ हा शौकाचा आणि सेवेचा मामला आहे. त्यावरून मालाचे भाव किंवा ऑर्डर कळवता येत नाही. नियमाने ती मनाई आहे. तरीही यंत्राची आवड असणाऱ्या, विशेषतः दुरुस्तीचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनी हा हुन्नर जरूर शिकावा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे टेलिफोन बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले होते.

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा पास झाल्यावर परवाना मिळतो. त्यानंतर पहिला सवाल येतो : बोलायचे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर?

नवा माणूस यंत्रावरचा आकडा पाहतो आणि हद्दीत आहोत असे समजतो. पण कापडाला जसा पन्हा असतो, तसा आवाजालाही असतो. सिंगल साइडबँड पद्धतीत आकडा म्हणजे फक्त एक काठ. तिथून सुमारे ३ किलोहर्ट्झ जागा आवाज व्यापतो. १० मेगाहर्ट्झच्या वर अप्पर साइडबँड वापरण्याचा रिवाज आहे, तेव्हा आवाज आकड्याच्या वर पसरतो. १० च्या खाली लोअर साइडबँड, तिथे तो आकड्याच्या खाली पसरतो.

आता हिशेब करू. २० मीटरचा पट्टा १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ आहे. आकडा १४.३४९ ठेवला तर आवाज १४.३५२ पर्यंत जातो, म्हणजे हद्दीबाहेर. १४.३४७ ही शेवटची मर्यादा. शिवणीसाठी थोडे कापड सोडावे तसे १४.३४५ वरच थांबलेले बरे. आपल्याकडे ४० मीटरचा पट्टा ७.००० ते ७.२०० आहे. तिथे आकडा ७.००२ ठेवला तर आवाज ६.९९९ पर्यंत उतरतो. शिवाय पट्ट्याचा खालचा भाग मोर्सवाल्यांसाठी सोडण्याचा रिवाज आहे, म्हणून बोलणाऱ्याने बरेच वर राहावे. एफएमचा आवाज दोन्ही बाजूंना सुमारे ८ किलोहर्ट्झ पसरतो. त्यामुळे १४४ ते १४६ च्या पट्ट्यात दोन्ही काठांपासून किमान १० किलोहर्ट्झ दूर राहावे.

काही जागा हद्दीत असूनही सोडायच्या असतात. १४.१०० वर जगभरची खुणेची केंद्रे पाळीपाळीने संकेत देतात. १४५.८०० ते १४६.००० हा भाग उपग्रहांसाठी राखला जातो. ७.११० आणि १४.३०० या जागा आपल्या विभागात संकटकाळच्या निरोपांसाठी ठरलेल्या आहेत. आपत्तीच्या वेळी तिथे गप्पा मारणाऱ्यामुळे एखाद्या जखमीचा निरोप अडू शकतो.

शेवटची गोष्ट, आधी ऐकावे. दोघे बोलत असतील तर त्यातला एकच आपल्याला ऐकू येणे, किंवा एकही न येणे शक्य असते. म्हणून थोडा वेळ ऐकून, आपले संकेतनाम सांगून, ‘ही जागा वापरात आहे का?’ असे विचारावे. उत्तर न आल्यास पुन्हा एकदा विचारावे आणि मगच बोलावे.

पट्ट्यांच्या हद्दी, आपला पन्हा आणि सोडायच्या जागा एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राशेजारी लावाव्यात. दुकानात गज जसा हाताशी असतो, तसा हा पुठ्ठा हाताशी असू द्यावा.