नाणी वाचावीत कशी?

नाणी जमविणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक नाण्याला विचारावे : तू कोणी पाडलेस? तुझ्यावर काय कोरले आहे? कोणाच्या हातांतून फिरलास?

1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी लिपी आहेत. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला. सत्तांतराची वार्ता अशी बाजारात पोहोचली.

नाशिकच्या लेणे क्रमांक 10 मधील शिलालेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी विणकरांच्या श्रेणीकडे 2,000 कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. वर्षाचे व्याज 240. म्हणजे वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मुद्दल अक्षय.

चलनाचा असाच चिकित्सक विचार बाबासाहेबांनी 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात केला.

मानखुर्दच्या भंगारात आलेले जुने नाणे भट्टीत गेले, की श्रमिकांच्या इतिहासाचा एक साक्षीदार संपतो. म्हणून ते चिंचेने घासू नये. वजन, आकार व प्राप्तिस्थान वहीत नोंदवावे. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. नोंद नसलेले नाणे मुके असते.