रक्तातला वारसा
(द्वितीय वर्ष, कला)

बापाकडून शेत मिळते, आईकडून बोलण्याची ढब मिळते. काही रोगही असेच वारशाने मिळतात, हे महाविद्यालयात येईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

माझ्या थोरल्या भावाचे सांधे लहानपणापासून दुखत, डोळे पिवळे पडत. गावात कोणी करणी म्हणे; आजी मात्र आईचा पायगुण काढी. भाऊ गेला, बोल आईच्या माथी राहिला. गेल्या वर्षी रक्ततपासणीत मी सिकलसेलचा ‘वाहक’ निघालो. तेव्हा ग्रंथालयात बसून जे वाचले, ते थोडक्यात मांडतो.

तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या रोगात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्तक्षय व कावीळ. अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन केले. दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. पुढे विदर्भातही दिसून आला.

एकाच पालकाकडून दोष आला, तर माणूस वाहक होतो. तो बहुधा धडधाकट असतो. इतकेच नव्हे, तर घातक हिवतापापासून त्याचे बरेच रक्षण होते, असे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली मांडले. हिवतापाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला तो यामुळेच. दोन्ही पालक वाहक असले, तर प्रत्येक अपत्य रोगी होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन आणि निर्दोष असण्याचा चारात एक.

दिवाळीच्या सुट्टीत हे गणित मी आईला अंगणात काडीने काढून दाखविले. ती म्हणाली, “म्हंजे तुह्या बापाकडूनबी आलं?” मी म्हणालो, “हो माय, दोघांकडूनही.” बाबा ओसरीवर ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. पण आजीने पुन्हा पायगुणाचा शब्द काढला, तेव्हा त्यांनीच तिला थांबविले.

मित्रहो, वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर नव्हेच. साध्या रक्ततपासणीने ते कळते. लग्न ठरण्यापूर्वी दोघांनीही ती करून घ्यावी, एवढीच विनंती.