स्मृतीतील काय जतन करावे?

संगणकाची कार्यप्रणाली अकस्मात कोसळली, म्हणजे तो पुन्हा सुरू करताना त्याच्या स्मृतीतील मजकूर नाहीसा होतो. बिघाडाचे कारण सांगणारा पुरावा मात्र बहुधा त्याच मजकुरात असतो. म्हणून स्मृतीची प्रत आधीच डिस्कवर उतरवून ठेवतात. हिलाच ‘डंप’ म्हणतात. पूर्वी स्मृती ‘कोअर’ नावाच्या चुंबकीय कड्यांची बनलेली असे. त्यावरून ‘कोअर डंप’ हा शब्द रूढ झाला आणि कड्या गेल्या तरी टिकून राहिला.

लिनक्स या कार्यप्रणालीत २००५ साली ‘केडंप’ ही योजना आली. कोसळलेल्या गाभ्यावर विसंबणे धोक्याचे असते. यास्तव आधीच राखून ठेवलेल्या स्मृतीत दुसरा गाभा सुरू होतो आणि तो पहिल्याची स्मृती वाचतो. परंतु मोठ्या संगणकाची संपूर्ण स्मृती उतरविण्यास वेळ व जागा फार लागते. तेव्हा निवड करणे भाग पडते.

हे काम ‘मेकडंपफाइल’ हा प्रोग्राम करतो. स्मृतीच्या पानांचे तो पाच प्रकार मानतो. केवळ शून्यांनी भरलेल्या पानांना १, फायलींच्या तात्पुरत्या प्रतींच्या दोन प्रकारांना २ व ४, वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांतील मजकुराला ८ आणि मोकळ्या पानांना १६ असे अंक दिलेले आहेत. जे प्रकार वगळावयाचे त्यांच्या अंकांची बेरीज सांगावयाची. १७ म्हटले की शून्यांची व मोकळी पाने गळतात. ३१ म्हटले की पाचही प्रकार गळतात. प्रत्येक अंक मागच्याच्या दुप्पट असल्यामुळे कोणत्याही बेरजेचा अर्थ एकच निघतो.

प्रश्न केवळ जागेचा नाही. वापरकर्त्याच्या पानांत त्याचे परवलीचे शब्द व खाजगी पत्रे असू शकतात. डंप तपासणीसाठी दुसऱ्याच्या हाती गेला की तीही जातात. ८ हा अंक मिळविल्याने हा धोका घटतो. पण पूर्णपणे टळत नाही, कारण गाभ्याच्या स्वतःच्या स्मृतीतही गुप्त किल्ल्या असतात. उलट, दोषाचे मूळ वगळलेल्या पानांतच असेल, तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती परत मिळत नाहीत. म्हणूनच काय ठेवावे व काय गाळावे, याचा निर्णय बिघाड होण्यापूर्वीच घ्यावा लागतो.