विलार्डबाईंचं कार्ड जपताना

बायो, शिकागोजवळच्या जुन्या बाजारातून फ्रान्सिस विलार्डबाईंचं पोस्टकार्ड उचललंस म्हणे. छान केलंस. आता फ्रेमवाल्याकडे धावायच्या आधी मावशीचं जरा ऐक.

१. आधी पाठ बघ. मधोमध उभी रेघ असेल, तर ते साधारण मार्च 1907 नंतरचं — तोवर अमेरिकेत पाठीवर फक्त पत्ता चाले, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. तोंड गोड बोलतं, पाठ खरं बोलते.

२. ‘बाईंच्या हयातीतलं आहे’ असं विकणारा म्हणाला असेल, तर भांडू नकोस, नुसती रेघ दाखव — बाई फेब्रुवारी 1898 मध्येच गेल्या.

३. तिकीट काढायला कार्ड पाण्यात घालू नकोस — गावाचं नाव आणि तारीख सांगणारा अर्धा शिक्का तिकिटाबरोबर जातो.

४. भिंग घे. बारीक ठिपके दिसले तर छापील, सलग छटा असतील तर खरा फोटो. तसंच छातीवर पांढरी फीत दिसते का बघ — ती त्यांच्या ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ची खूण. 1879 पासून शेवटपर्यंत बाई तिच्या अध्यक्ष होत्या. दारूपायी घर बुडतं ते बाईचं, मग ते राखायला तिला मत नको का, असं विचारत त्यांनी दारूबंदीवाल्या बायकांना मताधिकाराकडे वळवलं. मोठी हुशार बाई!

५. चित्रात संगमरवरी पुतळा असेल, तर बहुधा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या पुतळ्यांच्या दालनातला, 1905 चा — त्या दालनात बसलेला स्त्रीचा पहिला पुतळा तो. बायकांचं मत अमेरिकेच्या राज्यघटनेत यायला मात्र 1920 उजाडलं. पुतळा लवकर मिळतो गं, हक्क सावकाश.

६. पन्नाशी उलटल्यावर बाई सायकल शिकल्या आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. सायकलवरचं कार्ड दिसलं तर आधी मला फोन कर — किंमत नंतर बघू.

७. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस — टेपचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरतो, मग देवही काढू शकत नाही. पॉलिएस्टरचं पाकीट आण. उग्र वासाचं मऊ प्लास्टिक नको.

८. इकडे आणलंस तर बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळ — श्रावणात तिथे ओल धरते आणि कसर लागते. उघडीप पडली की अल्बम वाऱ्याला ठेव, उन्हात नाही.

९. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 अमेरिकेत होत्या, विलार्डबाईंशी त्यांचा स्नेह जुळला. रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक काढलं. ते मिळवून वाच आणि टिपण वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने कर — कार्डावर तुझं अक्षर नको, कितीही वळणदार असलं तरी.

१०. दोन्ही बाजू स्कॅन करून ठेव. काका बघायला मागतील तेव्हा स्कॅनच दाखव — त्यांच्या दुसऱ्या हातात चहाचा कप असतोच.