काळ्या द्रवातील अदृश्य कण

आमच्या जालना जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही. येथील भूमी बेसाल्टच्या थरांची. कोळशासाठी वणी-चंद्रपूरकडे पाहावे लागते. तरीही कोळशापासून होणाऱ्या द्रवांचा विषय आम्ही येथे घेतला आहे, कारण दहावीत शिकविल्या जाणाऱ्या विकिरणाचा त्यात फार मार्मिक उपयोग होतो.

हवा लागू न देता कोळसा तापविला की कोळशाचे डांबर मिळते. (रस्त्यावर घालतात ते डांबर आज बहुधा खनिज तेलाचे असते, दोहोंची गल्लत करू नये.) दुसरी वाट फ्रीडरिख बेर्गियुस यांची. मोठ्या दाबाखाली कोळशाचा हायड्रोजनशी संयोग घडवून तेल करण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी १९१३ साली घेतले, आणि १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल बॉश यांच्यासह मिळाले.

अशा द्रवांत राखेचे सूक्ष्म खनिज कण आणि जड कार्बनी रेणूंचे पुंजके तरंगत असतात. अतिसूक्ष्म कण गाळणीतून निसटतात, पुढच्या टप्प्यातील उत्प्रेरकावर बसतात आणि त्याला निकामी करतात. म्हणून त्यांचे आकारमान कळणे अगत्याचे. परंतु द्रव काळाकुट्ट, त्यातून प्रकाश जात नाही. पातळ करावा तर पुंजके फुटतात किंवा साका धरतात. वाळवावा तर एकमेकांस चिकटतात. क्ष-किरण मात्र कार्बन-हायड्रोजनच्या पातळ थरातून सहज पार होतात व द्रवाला आहे तसाच राहू देतात.

वसतिगृहाच्या काचेवर रात्री श्वास सोडून दूरचा दिवा पाहावा. दिव्याभोवती रंगीत खळे दिसते. थेंब जितके बारीक, तितके खळे मोठे. क्ष-किरणांचेही तेच. तांब्याच्या लक्ष्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. कणाचा व्यास १० नॅनोमीटर धरला, तर किरण साधारण एका अंशाच्या आतच पसरतात. मूळ शलाकेला इतके लगटून असलेले विकिरण टिपावयाचे, म्हणून या पद्धतीस लघुकोनी क्ष-किरण विकिरण म्हणतात.

कार्बनच्या बारीक भुकटीपासून असे विकिरण होते हे प्रथम पाहणाऱ्यांत पी. कृष्णमूर्ती हे भारतीय होते, साल १९३०. पुढे फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी तीव्रतेच्या लघुगणकाचा कोनाच्या वर्गाशी आलेख काढला. त्याच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार कणाचा विस्तार सांगतो.

येथेच विद्यार्थी फसतो. अगदी लहान कोनात एका कणाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते. व्यास दुप्पट, तर तीव्रता ६४ पट. दहापट व्यासाचा एकच कण दहा लाख लहान कणांइतका उजळतो. मिश्र द्रवात उताराने सांगितलेली सरासरी मोठ्यांच्याच बाजूने झुकते, आणि गाळणीतून निसटणारे नेमके लहान कण हिशेबातून गळतात. त्यांची खूण आलेखाच्या पुढील, मंद भागात असते. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये, अख्खा वक्र वाचावा. शिवाय कण राखेचा की कार्बनी पुंजक्याचा, हे वक्र एकटा सांगत नाही. त्यासाठी रासायनिक परीक्षा वेगळी करावी लागते.

असा मंद भाग टिपण्यास प्रखर शलाका लागते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या यंत्रावर त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे.